काडी कोरडी येईपर्यंत

नळकाका: अहो, पण याच दाढेचं एकदा सगळं झालंय! दोन वर्षांपूर्वी, याच खुर्चीत. छताच्या त्या कोपऱ्यातला डाग बघत तासभर पडलो होतो. तो डागसुद्धा तसाच आहे बघा.

डॉक्टर: डाग तसाच आहे, दाढ तशी राहिली नाही. ओठ जड झाला का?

नळकाका: झाला. दुसऱ्या कुणाचा तरी ओठ लावल्यासारखा वाटतोय. पण मला एक कळू द्या, डॉक्टर. नस काढली ना तेव्हा? मग जी नाहीच, ती दुखते कशी?

डॉक्टर: नस गेली, पण ती मुळात जिथे होती ती पोकळी राहते. केसासारखी बारीक. ती धुवायची, सुकवायची आणि खालच्या टोकापासून वरपर्यंत गच्च भरून बंद करायची. तुमची बंद करताना कुठेतरी फट राहिली. त्यातून लाळ आणि जंतू हळूहळू आत झिरपले आणि मुळाच्या टोकाशी पू झाला. दुखतंय ते तिथलं हाड.

नळकाका: म्हणजे सांधा गळला.

डॉक्टर: सांधा गळला.

नळकाका: मग असं सरळ सांगा की! आमच्यात सांधा गळला तर लोक दारात येऊन खरडपट्टी काढतात. 'नळकाका, काल तुम्ही हात लावला आणि आज भिंतीला ओल.' आणि इथे उलटंच. गाल माझाच सुजायचा आणि हातही मीच जोडायचे.

मावशी: काका, मान वर घ्या जरा. गळ्याशी हा कागद बांधते.

नळकाका: मावशी, तेव्हा तुम्हीच होता ना? मोठे डॉक्टर आणि तुम्ही.

मावशी: मी कधी नसते? एकवीस वर्षं झाली या खुर्चीपाशी उभी राहून. खुर्ची बदलली मधे एकदा, मी तीच आहे.

नळकाका: मोठ्या डॉक्टरांचा हात म्हणजे काय हात होता हो! सुई कधी गेली आणि कधी आली, पत्ता लागायचा नाही. डॉक्टर, राग मानू नका, पण तुमची सुई कळली.

डॉक्टर: कळली असेल. आजची ती नववी होती.

नळकाका: येईल, येईल. वडिलांचा हात लेकीला आल्याशिवाय राहतोय का? कसे आहेत ते? हल्ली दिसत नाहीत कुठे.

डॉक्टर: बरे आहेत. घरीच असतात. मोठं उघडा तोंड.

नळकाका: एक मिनिट, एक मिनिट. किती वेळ लागेल ते सांगून ठेवा. एका इमारतीचं पाणी सकाळपासून बंद ठेवून आलोय. चाळीस बिऱ्हाडं आहेत. सहाला पाणी सोडतो म्हणून शब्द देऊन बसलोय. नाही सोडलं तर माझा उद्धार करतील सगळे.

डॉक्टर: आता चार वाजलेत. आज उघडून आजच बंद करायचा विचार आहे, मुळं कोरडी झाली तर. नाही झाली तर औषध भरून आठवड्याने परत यावं लागेल.

नळकाका: नको, नको. आजच काय तो सोक्षमोक्ष लावा. एक आठवडा नुसतं पातळ पिऊन राहिलोय मी. बायको म्हणते, या वयात पोट तरी उतरलं. पण मला चावायचं आहे काहीतरी, कडकन वाजेल असं.

डॉक्टर: बघू. आता दाढेभोवती हा रबराचा पातळ पडदा बसवतेय. लाळ आत जाऊ नये म्हणून. मग तुम्हाला बोलता येणार नाही. काही झालं तर डावा हात वर करा.

मावशी: काकांना बोलता येणार नाही! आजची तारीख लिहून ठेवते.

नळकाका: मावशी, तुम्ही ना... अं. अं!

डॉक्टर: झालं. जीभ मागे घ्या. आवाज येईल, दुखणार नाही. मावशी, पाणी ओढा इथलं. अजून जवळ.

मावशी: ताई, तुम्ही दुपारपासून काही खाल्लं नाहीत.

डॉक्टर: खाल्लं.

मावशी: काय खाल्लं? डबा तसाच आहे, मी बघितला.

डॉक्टर: मग बघितलात ना. विचारता कशाला? हे बघा. आलं हातात.

मावशी: काय?

डॉक्टर: आत भरलेलं गुलाबी रबर. चिमट्याला लागलं आणि अख्खं बाहेर आलं. घट्ट बसलेलं असतं तर कोरून कोरून काढावं लागलं असतं, मनगट दुखेपर्यंत. हे म्हणजे पाण्यात ठेवल्यासारखं. टोक काळं पडलंय. वास आला?

मावशी: आला.

डॉक्टर: सहावी.

मावशी: धुवायचं पाणी देऊ?

डॉक्टर: सहा महिन्यांत ही सहावी दाढ, मावशी. सगळ्या बाबांच्या शेवटच्या वर्षातल्या. त्याआधीची एकही नाही. पंधरा-पंधरा वर्षांपूर्वी केलेली माणसं येतात, दाखवतात, दाढ ठणठणीत असते. आणि मग ते एक वर्ष.

मावशी: काका ऐकतायत.

डॉक्टर: ऐकू देत. त्यांच्याच तोंडात चाललंय. काका, सगळं ऐकताय ना?

नळकाका: अं.

डॉक्टर: ऐका. मला आता कोणापासून काही लपवायचा कंटाळा आलाय. पाणी द्या, मावशी. काका, ब्लीचसारखा वास येईल, घाबरू नका. जंतू मारायला आहे.

(फोन वाजतो.)

मावशी: वाजू दे. मी नंतर बघते.

डॉक्टर: बाबा असतील. या वेळेला तेच असतात. नाही घेतला तर वाजवत राहतील. रोज मी बाहेर जाऊन घेते, पण आता ही उघडी टाकून कुठे जाऊ? हातात मोजे आहेत. तुम्ही धरा जरा कानाशी.

मावशी: धरते. बोला.

डॉक्टर: हं, बाबा. खाल्लं का काही? नाही, काम चालू आहे अजून. बाबा, रोज कशाला विचारता हे? आले. नळकाका. हो, तेच. खालची उजवी. हो, तुम्हीच केलेली. हो, ओली होती आतून. बाबा, असं नका बोलू. नाही, कोणी काही म्हणत नाहीये. ते तर तुमचं कौतुक करत होते आत्ता. पेटी? ती कशाला द्यायची कुणाला? राहू दे घरात, खायला मागतेय का ती? बाबा, मी सातपर्यंत येते. मग बोलू. हो. ठेवते. ठेवा, मावशी.

मावशी: हे रोज विचारतात? 'आज कोण परत आलं' म्हणून?

डॉक्टर: तुम्ही ऐकलंत की.

मावशी: मला वाटलं, तुम्ही त्यांना कळूच दिलं नसेल. मी रविवारी जाते तेव्हा हसतात, बोलतात. 'काय म्हणतोय आपला दवाखाना' विचारतात. मी आपली सांगते, छान चाललाय.

डॉक्टर: तुमच्यासमोर हसतात. तुम्ही गेलात की भिंतीकडे तोंड करून पडतात.

मावशी: सांगितलं कुणी त्यांना?

डॉक्टर: मीच. आणखी कोण सांगणार? पहिली दाढ आली तेव्हा घरी जाऊन तोंडावर बोलले. 'बाबा, काय करून ठेवलंत हे?' दमून गेले होते, डोकं फिरलं होतं. ते नुसते स्वतःच्या हातांकडे बघत बसले. तेव्हापासून हे सुरू झालंय.

मावशी: काय सुरू झालंय?

डॉक्टर: 'माझे हात गेले.' दिवसातून दहा वेळा. 'हात गेले होते आणि मला कळलं नाही. वेळेवर थांबायला हवं होतं. लोकांनी विश्वासाने तोंड उघडलं आणि मी त्यांची वाट लावली.' चहाचा कप दोन हातांनी धरतात, मावशी. सांडेल म्हणून. अहो, त्यांचे हात कापत नाहीत! मी मुद्दाम बघितलंय. माझ्यापेक्षा स्थिर आहेत. पण ऐकतंय कोण? सुईत दोरा ओवायला दिला तर 'माझ्याकडे नको देऊस' म्हणाले.

मावशी: आणि पेटी म्हणजे घड्याळांची?

डॉक्टर: तीच. सगळ्या गल्लीची बंद घड्याळं रविवारी दुरुस्त करत बसायचे ना. तेवढाच एक नाद. पेटी कपाटाखाली ढकलली होती, आता म्हणतात देऊन टाक कुणाला तरी. ती एकदा घराबाहेर गेली ना, मावशी, की बाबा उठायचे नाहीत. मला ते दिसतंय, आणि मी काय करू ते कळत नाही.

मावशी: हातांचं काही नव्हतं गं.

डॉक्टर: मग कशाचं होतं? त्या सहाही जणांच्या दाढांचे जुने एक्स-रे काढून रात्ररात्र बघितले मी. टोकापर्यंत भरलंय, सरळ, मधे एक बुडबुडा नाही. शिकवायला घ्यावेत असे. तरी गळतंय. मी विचार करून थकले. जाऊ दे, यांचं तरी नीट करू. कागदाची काडी द्या. काका, आता फक्त सुकवायचंय. ही कागदाची बारीक काडी मुळात घालायची आणि काढायची. आणि आमच्या बाबांचा एक नियम आहे, काडी ज्याने घातली त्याने ती बघायची नाही. मान न वळवता मागे द्यायची. मावशी ती काचेवर ओढून बघतात आणि सांगतात, ओली की कोरडी. ज्याच्या हाताला बंद करायची घाई झालेली असते त्या माणसाला ओलं दिसतच नाही, असं बाबा म्हणायचे. कोरडी म्हटल्याशिवाय भरायचं नाही. कुठल्या पुस्तकात नाही हे, याच खोलीतलं आहे. घ्या मावशी, पहिलं मूळ. काय आहे?

मावशी: ताई, थांब.

डॉक्टर: ओली का?

मावशी: तू जरा थांब. ऐक माझं. मी सांगत होते कोरडी.

डॉक्टर: कधी?

मावशी: त्या वर्षी. ओली असताना. मी कोरडी म्हणायचे.

डॉक्टर: काय बोलताय तुम्ही?

मावशी: बोलू दे. आत्ता नाही बोलले तर परत धीर व्हायचा नाही. तुझी आई अंथरुणाला खिळलेली. तू तिकडे मोठ्या इस्पितळात शिकायला. तू कुठे होतीस असं मी म्हणत नाहीये.

डॉक्टर: म्हणालात की.

मावशी: बरं, म्हणाले. तुझ्या आईला सांभाळायला होती ती बाई सहाला निघून जायची, एक मिनिट थांबायची नाही. पाच वाजले की तुझ्या आईचा फोन. फार काही नाही, 'निघाले का' एवढंच. मी म्हणायचे, निघतायतच. आणि मोठे डॉक्टर इथे वाकलेले. एका गुरुवारी एक बाई होती, शाळेत शिकवायची. वरची दाढ. पाच काड्या झाल्या, पाचही ओल्या. फोन तीनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा तर आवाजच निघत नव्हता तिचा. सहावी काडी मागे आली, मी काचेवर ओढली. होती गं ओल. मुंगीच्या पायाएवढी. मी त्यांच्याकडे बघितलं. मानेवर घाम, सदरा पाठीला चिकटलेला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, कोरडी.

डॉक्टर: आणि त्यांनी भरली.

मावशी: भरली. मान नाही वळवली. त्यांनी कधी वळवलीच नाही.

डॉक्टर: तो नियम तुमच्या भरवशावर होता, मावशी.

मावशी: माहीत आहे.

डॉक्टर: एकदाच?

मावशी: एकदाच असतं तर तुझ्यासमोर ही सहावी दाढ असती का? पहिल्यांदा रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्यांदा तेवढं वाटलं नाही. पुढेपुढे पाच वाजले की माझी जीभ आपोआप वळायची.

डॉक्टर: किती जणांच्या बाबतीत?

मावशी: एकोणीस.

डॉक्टर: तुम्हाला आकडा पाठ आहे?

मावशी: नोंदवहीत त्या-त्या नावापुढे पेन्सिलीने ठिपका केलाय. बारीक. तुला दिसला नसेल. वाटायचं, तुझी आई बरी झाली की एकेकाला बोलावू, काहीतरी निमित्त काढू, परत करून घेऊ. आई काही बरी झाली नाही, गेलीच. मग मोठे डॉक्टर घरी बसले. मग तू आलीस, आणि तुला कुठल्या तोंडाने सांगायचं? पहिली दाढ परत आली तेव्हा ठरवलं, आज सांगते. डबा खाऊन झाल्यावर सांगते म्हटलं. तू खाल्लास तो डबा, मी गप्पच.

डॉक्टर: सहा महिने!

मावशी: हो.

डॉक्टर: सहा महिने तुम्ही इथे उभ्या राहून मला पाणी देताय, कापूस देताय, 'ताई काही खाल्लं नाहीत' म्हणताय, आणि तिकडे माझा बाप कप दोन हातांनी धरतोय!

मावशी: त्याचं मला माहीत नव्हतं गं. आईशप्पथ माहीत नव्हतं. मला वाटलं, माझं पाप माझ्यापाशी आहे. दाढा तू परत करते आहेस, माणसं बरी होतायत, उरलेलं मी पोटात घेऊन जाईन. ते स्वतःला खातायत हे मला आत्ता, हा फोन धरला तेव्हा कळलं.

डॉक्टर: सहा आले. तेरा जण अजून बाहेर आहेत. त्यांचं दुखत नाहीये म्हणून ते आले नाहीत. आतून झिरपतंय, हाड खातंय, आणि ते मजेत जेवतायत. कळतंय का तुम्हाला?

मावशी: कळतंय. मी जाते ताई. कपाटाच्या किल्ल्या गल्ल्यापाशी ठेवते.

डॉक्टर: कुठे जाता? माझे दोन्ही हात गुंतलेत, माणूस तोंड उघडून पडलाय आणि तुम्ही किल्ल्या ठेवताय? उभ्या राहा तिथे.

नळकाका: अं! अं अं!

मावशी: काकांचा हात वर आहे. कधीपासूनचा.

डॉक्टर: दुखतंय का? नाही? मग? बोलायचंय? बरं. कापूस घालून वर तात्पुरतं बंद करते, मग पडदा काढते. दोन मिनिटं. हं, बोला.

नळकाका: आधी चूळ भरू द्या. हां. ऐका, माझा ओठ वाकडा आहे, शब्द इकडेतिकडे होतील. मावशी, त्या ठिपक्यांत मी आहे ना?

मावशी: आहात. चौदावे.

नळकाका: मला तो दिवस आठवतोय. मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, 'नक्की ना?' मी म्हटलं मनात, काय नक्की? आज कळलं.

मावशी: विचारलं होतं. तुमच्याच वेळी. एरवी कधी विचारायचे नाहीत.

नळकाका: आणि तुम्ही म्हणालात, 'नक्की.'

मावशी: म्हणाले.

नळकाका: दोन महिने डाव्या बाजूने जेवलो मी, मावशी, आणि आता आठवडाभर तेही नाही. परवा रात्री दाराला डोकं लावून रडलो. पोरांसमोर. मी काही साधुसंत नाही, मला राग आलाय. चांगलाच आलाय.

मावशी: यायलाच हवा. बोला, काय बोलायचं ते.

नळकाका: बोलायचं होतं तेवढं बोललो. आता दुसरं. डॉक्टर, आम्ही भिंत बंद करायच्या आधी नळात पाणी सोडून बघतो. मी सांध्यापाशी, माझा जोडीदार वर टाकीपाशी. तो वरून ओरडतो, 'थेंब आहे का?' मी खालून सांगायचं. एकदा मी इतका शिणलो होतो, म्हटलं 'नाही.' होता. त्या भिंतीने पुढे जोडीदाराचं नाव खराब केलं, माझं नाही. कारण काम त्याच्या नावावर होतं.

डॉक्टर: मग तुम्ही सांगितलंत त्याला?

नळकाका: नाही सांगितलं. तो गेला पाच वर्षांपूर्वी. आता कुणाला सांगू? म्हणून म्हणतो, मोठे डॉक्टर आहेत अजून. एवढंच. घाला तो पडदा, आणि सहाचं जरा मनात असू द्या. चाळीस बिऱ्हाडं आहेत.

डॉक्टर: घालते. उघडा. मावशी, पाणी ओढा.

मावशी: ओढते.

डॉक्टर: उद्या सकाळी नोंदवही घेऊन बसायचं. तेराही जणांना तुम्ही फोन करायचा. काय झालं होतं ते जसंच्या तसं सांगायचं. नंतर मला द्यायचा, तारीख मी देईन. कुणी शिव्या देतील, कुणी तक्रार करतील.

मावशी: देऊ देत. करू देत.

डॉक्टर: काडी. पहिलं मूळ.

मावशी: कोरडी.

डॉक्टर: आणि आज सातला माझ्याबरोबर घरी यायचं.

मावशी: मी येणारच होते. तू नाही म्हणाली असतीस तरी आले असते. त्यांच्यासमोर बसते, सांगते. घालवून देतील.

डॉक्टर: घालवून देतील का माहीत नाही. बाबा रागावले की बोलत नाहीत, तेच फार कठीण असतं. दुसरं मूळ.

मावशी: ओली.

डॉक्टर: परत घालते. आता?

मावशी: कोरडी. उजेडात धरून बघितली. कोरडी आहे.

डॉक्टर: तिसरं.

मावशी: ओली.

डॉक्टर: हे मूळ वाकडं आहे. घ्या.

मावशी: ओली.

डॉक्टर: घ्या.

मावशी: ओली. पण आधीपेक्षा कमी.

डॉक्टर: काका, हात खाली ठेवा. मला घड्याळ दिसतंय. पाच चाळीस झालेत. ही चौथी.

मावशी: ओली.

डॉक्टर: माझी मान धरलीय. मावशी, एक विचारू? बाबांना असं सांगितलं तर? त्या वर्षी भरायचं सामानच खराब आलं होतं. आत्ता कळलं, कंपनीने पत्र पाठवलंय. पटेल त्यांना. हात त्यांना परत मिळतील. तुम्हीही सुटाल, त्यांच्या मनातून उतरणार नाही. एकवीस वर्षं तुम्हाला बहीण मानलंय त्यांनी. कुणाचं काही बिघडत नाही. मी इतकी दमलेय ना, की आज घरी कुणाचं रडणं बघायची ताकद नाही माझ्यात.

मावशी: मीही असंच म्हणाले होते स्वतःला. दमलेत बिचारे, कुणाचं काही बिघडत नाही.

डॉक्टर: ही पाचवी.

मावशी: ओली. ताई, ते मला 'नक्की ना' विचारतील. मी सामानाचं सांगितलं आणि त्यांनी तसं विचारलं, तर मी परत 'नक्की' म्हणणार नाही. माझ्याच्याने व्हायचं नाही आता ते. बहीण मानणं सुटलं तर सुटू दे. पेटी घरात राहायला हवी.

डॉक्टर: कठीण आहात तुम्ही.

मावशी: कठीण असते तर त्या गुरुवारी असते.

डॉक्टर: सहावी. सांगा.

मावशी: ओली. थोडीशीच आहे.

डॉक्टर: थोडीशी म्हणजे?

मावशी: थोडीशी म्हणजे ओलीच.

नळकाका: अं!

डॉक्टर: ऐकलं, काका. सगळे वाट बघतायत, माहीत आहे मला. तुमची चाळीस बिऱ्हाडं, घरी बाबा, माझी ही मान. सातवी घालतेय. कोरडी असेल तर दहा मिनिटांत बंद करून तुम्हाला सोडते. नसेल तर औषध भरायचं आणि काका, आठवडाभर परत पातळ. ही घ्या, मावशी. मी बघत नाहीये. सांगा, कशी आहे?

मावशी: ओली आहे, ताई.